काचेत पेटणारे आकडे

वीजकाम करणाऱ्याच्या खिशातला टेस्टर आपल्या बहुतेक वाचकांनी हाताळलेला आहे. प्लगच्या भोकात टोक घालायचे, वरच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवायचे आणि आतला बारीक नारिंगी दिवा लागला की फेज आहे असे समजायचे. या दिव्यात तार तापून लाल होत नाही. काचेच्या इवल्या नळीत निऑन वायू भरलेला असतो, दोन धातूच्या काड्या असतात आणि त्यांच्यात पुरेसा विद्युत दाब आला की काडीभोवतीचा वायूच उजळतो. हाच दिवा मोठा केला, एका काडीच्या जागी दहा पातळ पत्रे किंवा तारा घातल्या आणि प्रत्येकीला ० ते ९ पैकी एका आकड्याचा आकार दिला, की जी वस्तू तयार होते तिला निक्सी ट्यूब म्हणतात. या नळ्यांची घड्याळे घरी बनवणारे हौशी लोक आज युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत, आपल्याकडेही काही आहेत. त्या घड्याळांविषयी आणि मुख्य म्हणजे त्यांना लागणाऱ्या विजेविषयी आम्ही आज लिहीत आहोत.

असले घड्याळ हवे कशाला, असे घरातील वडीलधारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. भिंतीवरचे साधे क्वार्ट्झ घड्याळ स्वस्त आहे, एका सेलवर महिनोन्‌महिने चालते आणि वेळही तीच दाखवते. निक्सीचे घड्याळ केवळ वेळ पाहण्यासाठी कोणी करू नये, असेच आमचेही मत आहे. परंतु आपल्या घरात आयटीआयला वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक शिकणारी मुले-मुली असतील, तर त्यांच्यासाठी या घड्याळातला वीजपुरवठा हा एक मोठा धडा आहे. कमी दाबाच्या विजेपासून जास्त दाबाची वीज कशी काढतात, ती आवरून कशी धरतात आणि तिच्यापासून स्वतःला कसे वाचवतात, हे त्यात एकाच ठिकाणी शिकायला मिळते. मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, एलईडी दिव्याची पट्टी यांची दुरुस्ती ज्याला करायची आहे त्याला हे कळल्यावाचून गत्यंतर नाही.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत हायडू बंधूंची एक लहान प्रयोगशाळा होती. बरोज या हिशेबयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने ती १९५४ साली विकत घेतली आणि १९५५ साली या नळ्या बाजारात आणल्या. नकाशावर या वस्तूचे नाव 'प्रायोगिक अंकदर्शक क्रमांक १' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन लिहिले होते आणि त्याचा उच्चार करता करता 'निक्सी' झाले, असे सांगतात. पुढची पंधरा-वीस वर्षे प्रयोगशाळेतील मोजमापाची यंत्रे, कारखान्यातील गणकयंत्रे, पहिले इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर यांच्यावर याच नळ्यांचे आकडे दिसत. १९६१ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या 'अनिटा' या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवरही असेच आकडे होते.

मग एलईडी आला. १९७० च्या दशकात त्याची किंमत उतरत गेली. त्याला ५ व्होल्ट पुरत, काच फुटण्याची भीती नव्हती, जागाही थोडी लागे. निक्सी मागे पडली. पश्चिमेकडचे कारखाने एकामागून एक बंद झाले. सोव्हिएत रशियात मात्र या नळ्या त्यानंतरही बरीच वर्षे बनत राहिल्या. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथल्या गोदामांत खोक्यांनी पडून असलेला कोरा माल हळूहळू बाहेर विक्रीस आला, आणि आजचा हा छंद उभा आहे तो बराचसा त्या मालावर. आयएन-१२, आयएन-१४ आणि आयएन-१८ ही त्यांतली प्रसिद्ध नावे. पहिल्या दोहोंचा आकडा सुमारे १८ मिलिमीटर उंच, आयएन-१८ चा ४०. ही शेवटची नळी म्हणूनच सर्वात महाग. २०२२ साली रशिया-युक्रेन युद्ध भडकल्यापासून त्या भागातून माल मागवणे आणखी अवघड होऊन बसले.

यात एक गंमत आहे. आयएन-१२ किंवा आयएन-१४ मधला ५ नीट पाहिला तर तो चक्क उलटा केलेला २ आहे. एका साच्यात दोन आकडे भागवले. साचा बनवणाऱ्या कामगाराला यातली काटकसर लगेच कळेल.

नळीच्या आत काय असते

दहाही आकडे एकामागे एक, एकमेकांना न शिवता रचलेले असतात. प्रत्येकाची तार खाली बुडातून बाहेर येते. ही झाली ऋणाग्रे, म्हणजे कॅथोड. त्यांच्या पुढे अगदी बारीक जाळी असते, ते धनाग्र, म्हणजे अॅनोड. आत कमी दाबाने निऑन भरतात, त्यात किंचित आर्गॉन आणि पुष्कळ नळ्यांत पाऱ्याचा अंशही असतो. जाळी आणि एखादा आकडा यांच्यामध्ये सुमारे १७० व्होल्ट आले की त्या आकड्याच्या अंगाभोवती नारिंगी प्रकाशाचा थर पसरतो. प्रकाश तारेच्या जाडीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे पुढे उभ्या असलेल्या न पेटलेल्या तारा डोळ्यांना जाणवत नाहीत. आकडे १, २, ३ अशा क्रमाने लावलेले नसतात. पुढच्याने मागच्याला कमीत कमी झाकावे असा क्रम निवडतात. म्हणूनच घड्याळ चालताना आकडा कधी पुढे येतो, कधी मागे जातो. ही खोली एलईडीच्या सपाट आकड्यात नाही, आणि पाहणारा खिळून राहतो तो यामुळेच.

१२ व्होल्टांचे १८० कसे होतात

घरातील अॅडाप्टर देतो १२ व्होल्ट. नळीला हवेत १७० ते १८०, तेही एकदिश वीज. हा फरक भरून कसा काढायचा?

उत्तर आपल्या घरातच होते. जुन्या ट्यूबलाइटला चोक आणि स्टार्टर असे. स्टार्टर आत जोडलेला असेपर्यंत चोकच्या गुंडाळीतून प्रवाह वाहतो. स्टार्टर सुटला की प्रवाह एकाएकी तुटतो, गुंडाळीला ते सोसत नाही आणि ती जोराचा झटका देते. त्या झटक्याने ट्यूब पेटते. मोटारसायकलची इग्निशन कॉइलही याच गुणावर ठिणगी पाडते. निक्सीच्या वीजपुरवठ्यात हेच काम सेकंदाला हजारो वेळा होते, फक्त स्टार्टरच्या जागी मॉसफेट जातीचा ट्रान्झिस्टर असतो. तो चालू झाला की लहानशा कॉइलमध्ये प्रवाह वाढतो. तो बंद झाला की कॉइल झटका देते, तो झटका एका डायोडमधून पलीकडच्या कंडेन्सरमध्ये जाऊन साठतो. डायोड परत फिरू देत नाही. असे करत करत कंडेन्सरवर १८० व्होल्ट जमतात. तिथून दोन रेझिस्टरांच्या जोडीने दाबाचा एक लहान हिस्सा मागे चिपकडे पाठवतात. दाब वाढला तर चिप हात आखडता घेते, कमी झाला तर जोर लावते.

ही चिप म्हणजे साधी ५५५ सुद्धा चालते, किंवा एमसी३४०६३. मॉसफेट म्हणून आयआरएफ७४० पुष्कळ जण वापरतात, तो ४०० व्होल्ट सोसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग सहज मिळतात. डायोड मात्र पाहून घ्यावा. १एन४००७ हा सगळीकडे मिळणारा डायोड १००० व्होल्टांचा आहे म्हणून नवशिके तोच लावतात. तो ५० हर्ट्झसाठी बनलेला, मंद गतीचा आहे. इथे तो तापतो आणि वीज फुकट घालवतो. यूएफ४००४ सारखा वेगवान डायोड लागतो. कंडेन्सर २५० व्होल्टांच्या खालचा घेऊ नये. शिवाय मागे खबर नेणारे ते दोन रेझिस्टर आधी पक्के सोल्डर करावेत, मगच वीज द्यावी. त्यांचा सांधा सुटला तर चिपला वाटते की दाब चढलेलाच नाही. ती जोर लावत राहते, आणि मॉसफेट तरी जातो किंवा कंडेन्सर तरी फुटतो.

आता हिशेब पाहू. आयएन-१४ ला साधारण २.५ मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. सहा नळ्यांचे १५ मिलिअँपिअर. १८० ने गुणले तर २.७ वॅट. रूपांतरात थोडी वीज वाया जाते ती धरून अॅडाप्टरमधून साडेतीन-चार वॅट ओढले जातात. म्हणजे खर्च अगदी थोडा. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अॅडाप्टर आरामात पुरतो.

प्रत्येक नळीच्या अॅनोडशी एक रेझिस्टर लावावाच लागतो, तो विसरून चालणार नाही. कारण वायू एकदा पेटला की त्याचा अडथळा घटतो, मग प्रवाह वाढतो, त्याने अडथळा आणखी घटतो. आवरायला कोणी नसेल तर नळी जळून जाते. ट्यूबलाइटमध्ये प्रवाह आवरण्याचे कामही चोकच करत असे. नळी पेटलेली राहते तेव्हा तिच्यावर सुमारे १४० व्होल्ट असतात. १८० मधून १४० गेले, राहिले ४०. चाळीस व्होल्टांना २.५ मिलिअँपिअरने भागले की १६ हजार ओहम. बाजारात १५ हजार किंवा १८ हजारांचा मिळेल, तो लावावा. ओहमचा नियम शाळेत घोकलेला असतो, इथे तो नळीचे आयुष्य ठरवतो.

दहापैकी कोणता आकडा पेटवायचा हे सांगायला ७४१४१ नावाची चिप होती. ती बनणे केव्हाच थांबले. तिची सोव्हिएत प्रत के१५५आयडी१ जुन्या साठ्यातून आजही मिळते. नाहीतर प्रत्येक आकड्याला एमपीएसए४२ हा ३०० व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर लावतात. काम वाढते, पण जुन्या चिपच्या मागे धावावे लागत नाही.

इथे आईवडिलांनीही वाचावे

काही जुन्या नकाशांत ट्रान्सफॉर्मर न घेता थेट घरच्या २३० व्होल्टांच्या विजेला डायोड लावून नळ्या पेटवण्याची युक्ती दाखवलेली असते. स्वस्त पडते, कॉइलचा त्रास नाही. आमचे स्पष्ट सांगणे आहे की हे कोणीही करू नये. २३० व्होल्ट ही सरासरी धरलेली संख्या आहे. कंडेन्सरवर त्याचे ३२५ व्होल्ट होतात. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या घड्याळातील प्रत्येक तार, धातूची पेटी असल्यास पेटीचा प्रत्येक स्क्रू, फेजशी जोडला गेलेला असू शकतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने, लहान मुलाने त्याला हात लावला तर काय होईल हे लिहायला नको.

अॅडाप्टर वापरला की मेन्स आणि आपले घड्याळ यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरची भिंत उभी राहते. पण अॅडाप्टरही भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेला घ्यावा, फुटपाथवरच्या बिननावाच्या अॅडाप्टरात ती भिंत कागदाएवढी पातळ असू शकते.

आणखी एक गैरसमज. घरात ३० मिलिअँपिअरवर पडणारा आरसीसीबी बसवला आहे, म्हणजे आपण सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. मेन्सच्या गळतीसाठी ते खरे आहे. पण अॅडाप्टरच्या पलीकडे आपणच बनवलेल्या १८० व्होल्टांची त्याला खबरही लागत नाही. तिथे आपली काळजी आपणच घ्यायची. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज शिल्लक असते. म्हणून त्याच्या दोन टोकांत एक मोठा रेझिस्टर कायमचा लावून ठेवावा, म्हणजे साठा आपोआप उतरतो. तरीही हात घालण्याआधी मीटरने मोजून पाहावे. चालू सर्किटवर काम करावेच लागले तर एक हात पाठीमागे ठेवावा, म्हणजे वीज एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जाणार नाही. जुने मिस्त्री हे सांगत असत. पेटी लाकडाची किंवा अॅक्रिलिकची करावी आणि लहान मुलांची बोटे आत जातील एवढी फट कुठेही ठेवू नये.

वेळ कोण राखतो

नळ्या फक्त दाखवतात. वेळ मोजण्याचे काम दुसऱ्याचे. पूर्वीच्या पुष्कळ विजेच्या घड्याळांत मेन्सची ५० आवर्तने मोजून एक सेकंद धरत. युरोपात ही रीत अजून काही घड्याळांत आहे, आणि तिची फजिती २०१८ साली झाली. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातील वादात जानेवारीच्या मध्यापासून ग्रिडला वीज कमी पडत गेली, आवर्तने सरासरी ४९.९९६ वर आली आणि मार्चपर्यंत ओव्हनची व रेडिओची मेन्सवर चालणारी घड्याळे जवळपास सहा मिनिटे मागे पडली. एवढ्याशा फरकाने एवढे! आपल्याकडे ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरलेला आहे. दिवसभर ४९.९५ राहिले तर असे घड्याळ एका दिवसात ८६ सेकंद मागे पडेल. शिवाय वीज गेली की वेळच गेली.

म्हणून आता सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपणारा क्वार्ट्झचा स्फटिक वापरतात. ही संख्या विचित्र वाटते, पण ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो. डीएस३२३१ या चिपमध्ये स्फटिक आतच असतो आणि हवेच्या तापमानाप्रमाणे ती स्वतःला सुधारून घेते. तिची चूक वर्षाला सुमारे एक मिनिट. नाण्याएवढा सेल लावला की वीज गेली तरी तिची मोजणी चालू राहते. वीज परतली की नळ्या योग्य वेळ घेऊनच पेटतात.

नळ्यांचे आजारपण

निक्सीला एक दुखणे आहे. जो आकडा फार काळ पेटत नाही त्याच्यावर शेजारच्या पेटत्या आकड्याच्या धातूचा उडालेला थर बसतो. पुढे तो पेटवला तर अर्धवटच उजळतो. घड्याळात तासांच्या पहिल्या जागी ०, १ आणि २ सोडून कोणी येतच नाही, तेव्हा ३ ते ९ ही मंडळी तिथे रिकामी बसून आजारी पडतात. उपाय सोपा आहे. रात्री सगळे झोपल्यावर काही मिनिटे सर्व नळ्यांतून दहाही आकडे आळीपाळीने फिरवायचे, असा हुकूम चिपला देऊन ठेवतात. सुरुवातीच्या नळ्या सुमारे ५,००० तास टिकत, म्हणजे अखंड चालवल्या तर सात महिने. शेवटच्या काळातल्या काही जाती २ लाख तासांपर्यंत गेल्या, ती जवळजवळ तेवीस वर्षे होतात. तरी खोलीत कोणी नसताना नळ्या विझवणारा सेन्सर लावणे शहाणपणाचे.

साठा संपत आला की पुढे काय, हा प्रश्न होताच. चेक प्रजासत्ताकातील दालिबोर फार्नी या तरुणाने २०११-१२ च्या सुमारास स्वतःच नळी बनवून पाहण्याचे मनावर घेतले. ही कला पुस्तकातून पुरती शिकता येत नाही. काच आणि तार तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगल्या नाहीत तर थंड होताना सांध्याला केसाएवढी भेग पडते आणि हवा आत शिरते. म्हणून निकेल-लोखंडाच्या गाभ्यावर तांबे चढवलेली खास तार लागते. नळी भट्टीत तापवून आतली हवा आणि धातूत मुरलेला वायू पंपाने ओढून काढायचा, मगच निऑन भरायचा. कारखाने बंद पडले तेव्हा हे सगळे जाणणारे हात घरी बसले होते. फार्नी यांनी चुकतमाकत ते पुन्हा जमवले आणि मोराव्हिया प्रांतातल्या एका जुन्या वाड्यात कार्यशाळा उभी केली. त्यांच्या नळीचा आकडा ५० मिलिमीटर उंच आहे. किंमत मात्र आपल्या खिशाला परवडणारी नाही, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी सहा नळ्यांपासून सुरुवात करू नये. आधी टेस्टरमधला असतो तसला निऑनचा सुटा दिवा घ्यावा, तो अगदी स्वस्त मिळतो. १८० व्होल्टांचा पुरवठा बनवून त्याच्यावर मोठा रेझिस्टर लावून तोच पेटवावा. मीटर लावून दाब तासभर स्थिर राहतो का, मॉसफेट हात लावण्याजोगा राहतो का ते पाहावे. हात लावायचा तो प्लग काढून आणि कंडेन्सर उतरल्यावर. हे जमले की एकच नळी जोडावी, तिचे दहाही आकडे एकेक करून पेटवून पाहावेत. नळीच्या तारा वाकवताना काचेच्या अगदी मुळाशी वाकवू नयेत, तिथेच तडा जातो. नळी फुटलीच तर खिडक्या उघडाव्यात, तुकडे झाडूने न झाडता जाड कागदाने उचलावेत, कारण आत पाऱ्याचा अंश असू शकतो. उरलेल्या पाच नळ्या तोवर डब्यात, कापसात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्याव्यात.